गोठा सोडून समुद्रावर

बोटीच्या सहलीला जावं की जाऊ नये, हे हल्ली कोडोलीत सगळे मला विचारतात. वाचनालयात पुस्तक बदलायला गेले तरी तेच, गिरणीत दळण टाकायला गेले तरी तेच. जणू मी बोटीत एकदा बसून आले नाही, तर ती बांधून आले आहे. तेव्हा एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते, म्हणजे विचारणाऱ्यांचीही सोय आणि माझ्या तोंडालाही विश्रांती.

आमची लेक पुण्याला असते. वडिलांच्या साठीची भेट म्हणून तिनं मुंबईहून कोची आणि पुढं लक्षद्वीप अशा बोटीची आम्हा दोघांची तिकिटं काढली. बातमी गल्लीत फुटली आणि जो तो सल्ला द्यायला पुढं सरसावला. "पोटात सारखं ढवळतंय म्हणं वैनी, अन्नाकडं बघू वाटत न्हाई." "मधीच काय दुखलं-खुपलं तर दवाखाना कुठला समुद्रात?" समोरची म्हातारी तर म्हणाली, "जा बाई, पर नवऱ्याला कठड्याला उभा करू नगंस." हे माझ्या काळजीपोटी की माझ्यावरच्या संशयापोटी, ते मी विचारलं नाही.

मला मात्र यातल्या कशाचीच भीती नव्हती. मला भीती होती ती आमच्या म्हशीची.

माझ्या नवऱ्याला सगळं गाव तात्या म्हणतं. समोर मी अर्थातच 'अहो' म्हणते, पण इथं लिहिताना तात्याच बरं. तर आमची चांदणी ही म्हैस तात्यांशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही. जनावर हात ओळखतं, अंगाचा वास ओळखतं. दुसरं कुणी धारेला बसलं की ती दूध वर ओढून घेते, आणि फारच झालं तर लाथ मारते. मी एकदा बसले होते. बादली उकिरड्यावर गेली आणि मी शेणात. चांदणीच्या आधी तिची आई होती, त्याआधी आजी, आणि सगळ्या एकाच वळणाच्या. त्यामुळं लग्न झाल्यापासून तात्या एक रात्रही घराबाहेर राहिले नाहीत. पाहुण्यांच्या लग्नाला गेलो तरी अक्षता पडल्या, जेवलो की पळा, "धारेची वेळ झाली." रोजची संध्याकाळ चांदणीची; तिच्यापाशी बसून तात्या काहीतरी पुटपुटत राहायचे. मी वाचनालयातली प्रवासाची पुस्तकं आणायची आणि चुलीपुढं बसून जग हिंडायचं. ही सहल म्हणजे माझी एकुलती एक संधी होती. ती बिघडली तर हा माणूस पुन्हा उंबरा ओलांडणार नाही, हे मला लख्ख माहीत होतं.

आमच्याकडं अशा वेळी एक युक्ती करतात. धार काढणाऱ्याला परगावी जायचं असलं तर दुसऱ्यानं त्याचे कपडे घालून बसायचं. वास तोच, म्हैस फसते. तात्यांचा धारेचा एक निळ्या चौकड्यांचा शर्ट आहे, कोपरावर फाटलेला. त्याला दूध, पेंड, घाम आणि तंबाखू असा मिळून एक वास आहे, तो साबणाला दाद देत नाही. आमच्या सुनेनं, पल्लवीनं, तो शर्ट साडीवर चढवला, डोक्याला तात्यांचा टॉवेल गुंडाळला आणि आठवडाभर तालीम केली. चांदणीनं मान वळवून हुंगलं, जरा विचार केला आणि पान्हा सोडला. कारखान्यात पाळ्या करणारा आमचा मुलगा सागर हसून हसून गोठ्याबाहेर गेला. तात्या मात्र गंभीर होते. आपल्याला इतक्या सहज फसवता येतं, हे त्यांना चांदणीकडून अपेक्षित नव्हतं.

मुंबई

संध्याकाळची धार स्वतः काढून तात्या रात्रीच्या गाडीत बसले. सकाळी बंदरावर पोचल्यावर पहिला फोन घरी. पल्लवी म्हणाली, "झाली मामा धार. निवांत जावा." आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते. मामांनी दूध किती निघालं, म्हशीनं मान वळवली का, शेपूट कसं होतं, एवढं सगळं विचारून घेतलं आणि मगच रांगेत उभे राहिले.

बोट बघितली आणि दोघांच्याही माना वर गेल्या. एवढं मोठं धूड पाण्यावर राहतं कसं? आत शिरलं की झुंबरं, काचेची लिफ्ट, गालिचे. तात्यांनी दारात वहाणा काढल्या. मी दटावून पुन्हा घालायला लावल्या, तेव्हा ते गालिच्याच्या कडेकडेनं चालले.

निघण्याआधी सगळ्या प्रवाशांना गोळा करून, धोक्याचा भोंगा वाजला तर कुठं जमायचं, अंगात तरंगतं जाकीट कसं घालायचं, ते शिकवलं. अर्धी माणसं सेल्फी काढत होती. तात्यांनी तेवढं एकच व्याख्यान जीव लावून ऐकलं आणि खोलीत आल्यावर मला परत करून दाखवायला लावलं. जाणाऱ्यांना माझं सांगणं हेच की त्या वेळी लक्ष द्या. पोहणं येत असलं तरी द्या. तात्या वारणेच्या पुरात पोहलेले आहेत, तरी त्यांनी दिलं.

मग बोट हलली. मुंबईच्या इमारती मागं सरकत गेल्या, उन्हं कलली, पाणी आधी पिवळं झालं आणि मग तांबडं. आम्ही वरच्या डेकवर कठड्याशी उभे होतो. समोरच्या म्हातारीची आठवण काढून मी तात्यांच्या दंडाला घट्ट धरलं होतं. तात्या घड्याळाकडं बघून म्हणाले, "आत्ता वैरण टाकली आसंल." मग सूर्य पार बुडेपर्यंत बघत राहिले. खरं सांगते, मला रडू आलं. सुखानंच आलं.

समुद्रात

दुसऱ्या दिवशी चहूकडं नुसतं पाणी. मोबाईलची रेंज रात्रीच गेली होती. बोटीवर इंटरनेट मिळतं, पण ते लोडशेडिंगच्या काळातल्या विजेसारखं. आलं तर आलं.

जेवणाच्या दालनाच्या दारात एक मुलगी उभी होती. प्रत्येकाच्या हातावर औषधाचा फवारा मारल्याशिवाय आत सोडत नव्हती. कुणीतरी कुरकुर केली, तसे तात्या म्हणाले, "बरोबर करतीया ती. ह्यो मोठा गोठाच हाय. एकाला लागण झाली की सगळी दावण बसली." मला ते पटलं. बोटीचा खरा धोका बुडण्यात नाही, एका छपराखाली हजारो माणसं एकाच भांड्यातलं वाढून घेतात त्यात आहे. हात धुवा, कापून ठेवलेली फळं जपून खा. दवाखाना बोटीवर असतो, पण आपली औषधं आपल्यापाशी असावीत.

आणि काय ते खाणं! इडलीपासून पिझ्झ्यापर्यंत सगळं मांडलेलं, कुणी अडवत नाही, कुणी 'अजून घ्या' म्हणतही नाही. आपल्याकडं पंगतीत नको नको म्हणावं आणि वाढप्यानं वाढून जावं, त्यात खरी गंमत. इथं आपणच यजमान, आपणच पाहुणे. तात्यांनी मटणाचा रस्सा चाखला आणि म्हणाले, "मटणाला आंघोळ घातलीया नुसती." तरी तीनदा घेतला.

त्याच टेबलावर शेजारून आवाज आला, "पावणं, कुठलं?" कोल्हापूरकडचा माणूस समुद्रातही लपत नाही. गडहिंग्लजचे निवृत्त मास्तर, नाईक सर आणि त्यांच्या बाई. सरांची ही तिसरी सफर. पहिल्या दोन वेळा काय काय वाईट झालं, याची त्यांनी उजळणी केली. एकदा वादळानं बोट बंदरात शिरलीच नाही, एकदा सरांचं पोट बिघडून सगळी सहल खोलीत गेली. मी विचारलं, "मग पुन्हा का आलात?" सर म्हणाले, "बाई, घरात बी पोट बिघडतंयच की. तितं खिडकीतनं समुद्र दिसत न्हाई."

दुपारी लाटा वाढल्या आणि माझी पाळी आली. डोकं गरगरू लागलं, पोट गळ्याशी. नाईकबाईंनी आलेपाकाची वडी दिली आणि खोलीत पडण्यापेक्षा डेकवर मधोमध बस, लांब क्षितिजाकडं बघ, असं सांगितलं. तासाभरात उतरलं. तात्यांना काहीच झालं नाही. उसाच्या ट्रॉलीवर बसून जन्म गेलेल्या माणसाला समुद्र काय हलवणार!

संध्याकाळी सगळ्यांनी नटून जेवायला यायचं होतं. मी पैठणी काढली. तात्यांनी नव्या कोल्हापुरी वहाणा आणल्या होत्या. तेल पाजलेल्या वहाणांचा डाग कपड्यांना लागू नये म्हणून निघताना घाईत त्यांनी त्या हाताला लागेल त्या कापडात गुंडाळल्या होत्या. आता बॅगेतून ते गाठोडं काढलं, सोडलं, आणि दोघंही बघतच राहिलो.

निळ्या चौकड्या. कोपरावर फाटलेला.

तात्यांनी शर्ट उलटा-पालटा करून बघितला. "मग तितं काय घालून बसली ती?"

"अहो, पण ती तर म्हणाली, झाली धार."

"खोटं बोलली. माझ्या जिवाला घोर नगं म्हणून बोलली." त्यांचा आवाज चढला. "म्हस तटलीया तितं! कास दगडागत झाली आसंल. सडं गेली तर जनावर गेलं म्हण!"

ते खोटं नव्हतं. दूध कासेत साचून राहिलं की सूज येते, आणि चांगली म्हैस कायमची वाया जाते. मी पल्लवीला संदेश धाडला. तो गेला की नाही, कळेना. उत्तर आलं नाही. पैठणी नेसून मी खोलीतच बसले आणि तात्या वहाणा न घालता येरझाऱ्या मारत राहिले. नाईक सर बोलवायला आले, त्यांना सगळं सांगितलं. सर आधी हसले, मग आमची तोंडं बघून त्यांनी हसू आवरलं. "पाण्यात म्हैस अन् बाहेर मोल ऐकलं होतं," ते म्हणाले, "तुमचं उलटं झालं. म्हस बाहेर आन् तुमी पाण्यात."

तात्यांनी ठरवूनच टाकलं. कोचीला उतरायचं आणि मिळेल त्या रेल्वेनं घर गाठायचं. "तू जा पुढं. मला ह्यातलं काय नगं. आन् पुन्यांदा मला कुठं चल म्हणू नगंस." मी पैठणीची घडी घालत बसले. रागही यावा आणि दयाही यावी, असं झालं होतं.

कोची

सकाळी काठावरची नारळाची झाडं दिसू लागली तसा फोनला जीव आला. तात्या खांद्याला बॅग अडकवून उतरण्याच्या रांगेत उभे होते. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या तोंडापुढं धरला.

"पल्लवी, खरं सांग. धार निघाली का?"

"निघाली की मामा."

"शर्ट माझ्यापाशी हाय."

पलीकडं बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "ठावं हाय मला. त्याच सकाळी कळलं."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं आसतं तर बोटीत चढला असता व्हय? बंदरातनं माघारी आला असता. आत्या कवापास्नं जायचं म्हणालत्या." आत्या म्हणजे मी, तिची सासू.

मग तिनं सगळं सांगितलं. पहिल्या सकाळी चांदणीनं एक थेंब दिला नाही, बादलीला लाथ घातली. संध्याकाळी पल्लवीनं रेडकू सोडलं, ऊन पाण्यानं कास धुतली आणि जागची हलायचीच नाही म्हणून बसली. "गप्प तरी किती बसायचं मामा? मग बोलत बसले तिच्यासंगं."

"काय बोललीस?"

"घरातलंच." तिनं आवाज बारीक केला. "आत्या ऐकाल्यात व्हय?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "न्हाई. बोल तू."

"म्हटलं, आत्या माझ्या आमटीला नावं ठेवत्यात आन् दुसऱ्यांदा वाढून घेत्यात. म्हटलं, ह्यांची रातपाळी संपली की घोरत्यात. म्हटलं, दिवस कसा गेला म्हणून ह्या घरात कोण इचारतच न्हाई. असं बोलता बोलता तिनं मान वळवली, हुंगलं, आन् सोडला की पान्हा. तवापास्नं दोन्ही टायमाला देतीया. बादली भरून."

रांगेतले लोक आमच्याकडं बघत होते. तात्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला हसू आवरेना, आणि हसता हसता ते 'कोण इचारतच न्हाई' कुठंतरी लागलं. त्या गोठ्यात रोज दोन वेळा तात्या काय पुटपुटतात, याचा मला एकदम उलगडा झाला. जन्मभर या घरातल्या माणसांचं मन ऐकून घेतलं ते म्हशींनीच. मी फोन ओढून घेतला आणि म्हटलं, "पल्लवी, आमटी चांगली असते गं तुझी." पलीकडून "अगं बाई!" एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

तात्या धक्क्यावरच्या बाकावर बसून राहिले. "म्हंजे माझ्यावाचून अडत न्हाई," ते म्हणाले. आनंदानं म्हणाले की दुःखानं, ते मला कळलं नाही, आणि बहुतेक त्यांनाही कळलं नसावं. शेवटी त्यांनी घरी न्यायला भरलेली बॅग माझ्या मांडीवर ठेवली. "भूक लागलीया."

मग आम्ही कोचीत पोटभर हिंडलो. केळीच्या पानावर जाड तांबड्या तांदळाचा भात आणि चिंचेसारख्या आंबट कशानं तरी केलेली माशाची आमटी. आपण शेंगदाण्याच्या कुटाशिवाय हलत नाही, ते खोबऱ्याशिवाय. काठावर लाकडी वाशांना बांधलेली मोठी जाळी दोऱ्यांनी वर-खाली होत होती. तात्या त्या कोळ्यांत उभे राहिले आणि भाषेचा एक शब्द येत नसताना त्यांना दोरी ओढू लागले. चहाला मात्र नाव ठेवलंच. "दुधात पाणी न्हाई, पाण्यात दूध हाय."

या नादात उशीर झाला. जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा : आपल्या एसटीचा कंडक्टर "आल्या, आल्या काकी" म्हणून गाडी थांबवतो, बोट थांबत नाही. नाईक सर धक्क्यावरून दोन्ही हातांनी आम्हाला बोलावत होते आणि नव्या साडीच्या निऱ्या वर धरून मी पळत होते. तात्या मागून ओरडत होते, "पळ की गं, पळ!" आम्ही चढलो आणि लगेच बोटीवाल्यांनी पायऱ्या वर घेतल्या.

बेटावर

लक्षद्वीपला मोठी बोट काठाला लागत नाही. समुद्रातच उभी राहते आणि छोट्या होड्यांतून उतरावं लागतं. होडी वर येते, खाली जाते, आणि नेमकी वर आली की पाय टाकायचा. गुडघे दुखणाऱ्यांनी इथं विचार करावा. समुद्र खवळलेला असला तर उतरवतच नाहीत, पैसे आणि हौस दोन्ही पाण्यात. आमचं नशीब चांगलं होतं. तात्यांनी आधी उडी मारली, मग हात वर केले, "ये, धरतोय." एवढ्या माणसांत त्यांनी माझा हात धरला, तो वाळूवर पोचल्यावरही सोडला नाही.

पाणी इतकं नितळ की आपलीच बोटं तळाच्या वाळूत दिसावीत. तात्या बंडी-चड्डीवर आत शिरले आणि पाठीवर तरंगू लागले. मी गुडघाभर पाण्यात साडी खोचून उभी. लहान निळे मासे पायाला शिवून जात होते आणि मी किंचाळत होते. तात्या तरंगत तरंगत खदाखदा हसले. इतकं मोठ्यानं हसताना मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. परतताना ते म्हणाले, "पाणी कडू-खारट हाय, पर म्हशी आणल्या तर निघायच्या न्हाईत बाहेर."

तेव्हा जावं का? जावं. औषधं घ्या, हात धुवा, कठडा जपा, घड्याळ बघा. भीती आहेच, ती आपल्या विहिरीवरही आहे. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं, आणि हौस फार दिवस झाकून ठेवली की तिला बुरा येतो हेही खरं.

कोडोली

घरी पोचलो तेव्हा धारेची वेळ होती. तात्या पाणीही न पिता गोठ्यात गेले. चांदणीनं मान वळवून हुंगलं. अंगाला बोटीवरच्या साबणाचा वास. तात्या बसले, सडांना हात लावला, नेहमीसारखं पुटपुटले. चांदणीनं पाय आपटला. पुन्हा प्रयत्न केला. दूध उतरेना. ती सारखी दाराकडं बघत होती, आणि दारात पल्लवी मान खाली घालून उभी होती.

"मामा, प्रवासानं दमलायसा," ती हळूच म्हणाली, "उद्या ओळखंल."

तात्यांनी चांदणीच्या पाठीवर थाप मारली. मग उठले आणि बादली तिच्या हातात दिली. "बस तू. आन् बोल तिच्यासंगं."

ती दोन शब्द बोलली नाही तोवर बादलीत धारेचा आवाज सुरू झाला.  मला वाटलं, आता हा माणूस मोडणार. तात्या बाहेर आले, हात धुतले, आणि पायरीवर बसले. रिकाम्या हातांकडं बघत होते. बाहेर अजून उजेड होता, रस्त्यानं माणसं येत-जात होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि अगदी खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं,

"सांजच्याला लोक काय करत्यात गं?"

मी आतून त्यांच्या वहाणा आणून पायरीवर ठेवल्या. म्हटलं, "चला, दाखवते."